भिंगरी आली घराला

"काय गं पोरी, रात्री तुमच्यात कोण रडालतं? मला वाटलं धाकटीचा कान दुखायला लागला."

"धाकटी न्हाई मावशी, पिल्लू. परवा सांजंला आणलं. झोप मोडली काय तुमची?"

"माझी झोप आधीच पातळ, ती काय मोडायची. पण सगळी गल्ली इच्यारालीय. कोपऱ्यावरची वैनी दूध घेताना म्हटली, ह्यांनी पण हस्की आणला वाटतं. मी म्हटलं, साने गुरुजी वसाहतीला एक हस्की बास झाला की! त्या घरात कुत्रं एसीत झोपतंय आणि आजोबा पंख्याखाली."

"आमच्या पोराचंबी तेच टुमणं हुतं, मोबाइलवर बघून बघून. हे म्हटले, बर्फातलं जनावर हिथल्या एप्रिलात आणून त्याचे हाल करायचे आणि वर लाइटबिल भरायचं, कुणी सांगितलंय? मग मामंजींनी जतला त्यांच्या धनगर दोस्ताला फोन लावला. कारवानी हाय मावशी. मादी."

"कारवानी! अगं मग तसं सांग की. शिरोळला आमच्या मळ्यात हुता एक. बांधाला ससा उठला की ह्यानं बघितलं आणि सुटलाच, मग हाक मारून उपयोग न्हाई. बाकीची कुत्री नाक लावत बसत्यात, ह्याचं सगळं नजरेवर."

"मुधोळ हाउंड म्हणत्यात ते हेच न्हवं?"

"तेच गं. धनगराच्या तोंडात कारवानी. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला जोडी भेट दिली म्हणत्यात, तवापासनं साहेबाच्या तोंडात मुधोळ हाउंड. २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आला तर आमच्या ह्यांनी ते तिकीट पाकिटात घालून ठेवलं. माझा फोटो कधी ठेवला न्हाई. २०१६ ला मिल्ट्रीनं मेरठला पिल्लं नेली शिकवायला, तवा तर पेपर घेऊन गल्लीभर हिंडले. जसा काय आमचाच पोरगा भरती झाला."

"मग मामंजींची आणि त्यांची जोडी जमली असती बघा. फोन केला तवा तो दोस्त म्हटला, म्हयन्याचं हाय, लगेच घेऊन जावा. मामंजी म्हटले, न्हाई, आईपाशी राहू द्या. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं न्हाई असा २०१७ चा नियमच हाय. पण नियम राहू दे बाजूला, भावंडांत चावाचावी करूनच त्यांना कळतंय म्हणं, किती जोरात चावलं की समोरचा केकाटतोय. लवकर उचललेलं पिल्लू ते शिकतच न्हाई."

"आणि मग आपल्या पोरांच्या पोटऱ्या फोडतंय. बरोबर केलं. पण मादी कशाला गं आणली? आता ती वैनी म्हणंल, दर वर्षी गल्लीत सहा-सहा पिल्लं."

"त्यांना सांगा, ऑपरेशन करून घेणार हाय. कधी करायचं ते डॉक्टर वय-वजन बघून सांगतील. आणि नराला काय कमी ताप हाय व्हय? दिसंल त्या खांबाला टांग वर."

"ते बी खरं. नाव काय ठेवलं?"

"त्याच्यावरनं घरात दोन पार्ट्या. पोराला रॉकी पायजे, मादी हाय म्हटलं तरी रॉकीच. मामंजी म्हटले, वाघ्या. सासूबाई म्हटल्या, नको, रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरनं २०२५ ला केवढं रामायण झालं, दारात उभं राहून हाक मारायची पंचाईत. तेवढ्यात ही बया पायातनं सुटली, दिवाणखान्याला तीन फेऱ्या मारून देव्हाऱ्यापाशी घसरली. धाकटी म्हटली, हिच्या पायाला भिंगरी हाय. झालं, भिंगरी."

"झ्याक हाय. हाक मारायला तोंडात बसतंय. पण देव्हाऱ्यापाशी? तुझी सासू गप बसली?"

"गप कशाला बसत्यात. कुत्रं घरात घ्यायचं न्हाई म्हणून आधीच चार दिवस तोंड फुगवून हुत्या. मी म्हटलं, आत्या, तुम्ही दर पुनवंला नरसोबाच्या वाडीला जाताय, दत्ताच्या पायाशी चार कुत्री हायत, त्यांना हात जोडताय. तर म्हटल्या, ते वेद हायत, हे मुतंल. आता काय बोलणार? मग तह झाला. स्वयंपाकघर आणि देवाची खोली बंद, बाकी घर मोकळं. उंबऱ्याला आडवी फळी लावलीय."

"तह केला हे बेस. पण बाहेर बांधायचं सोडून रात्री आत कशाला? आम्ही गोठ्यात पोतं टाकत हुतो, संपला विषय."

"गोठ्यात चार जनावरं तरी हुती सोबतीला. ही आठ-नऊ आठवड्यांची, आईला आणि पाच भावंडांना चिकटून झोपायची सवय. पहिल्या रात्री मामंजींनी तुमच्यासारखंच सांगितलं, व्हरांड्यात ठेवा. त्या रात्रीचं रडणं तुम्ही ऐकलंय. काल टोपली आमच्या खाटंला लावून ठेवली, आत जतवरनं आणलेलं गोणपाट, तिच्या आईच्या वासाचं. एकदा कुईं केलं, मी हात खाली सोडला, की गप. हळूहळू टोपली लांब सरकवायची म्हणत्यात."

"हं. तरीच काल जरा कमी आवाज हुता. बरं, मुतती कुठं?"

"सगळीकडं."

"नाक घास त्यात. दोनदा घासलं की तिसऱ्यांदा करत न्हाई."

"न्हाई हो मावशी, तसं केलं की ती एवढंच शिकती की माणसासमोर करायचं न्हाई. मग सोफ्यामागं जाऊन करती. तिला दोन-तीन तासाच्या वर दम निघतच न्हाई अजून. झोपून उठली की, खाल्लं की आणि खेळून झालं की लगेच उचलून अंगणात पेरूच्या झाडाखाली न्यायचं. तिथं केलं की लगेच शाबासकी आणि फुटाण्याएवढा चिकनचा तुकडा. घरात झालं तर गप पुसायचं. फिनेलनं आपल्याला वास गेल्यागत वाटतंय, तिला येतोयच, म्हणून व्हिनेगर-पाण्यानं पुसतो. पण खरा घोळ तिचा न्हाईच, आमच्या माणसांचा हाय. ती दोन दिवसांत पेरूकडं बघायला लागली. आमचे मालक अजून इच्यारत्यात, हिला कुठं न्यायचं?"

"बापय माणसं तशीच."

"म्हणून फ्रिजवर कागद लावलाय. कधी खायला, कधी बाहेर, कुणाची पाळी. आणि शब्द सगळ्यांनी एकच वापरायचा. मी 'न्हाई' म्हणतो, पोरगा 'नो' म्हणतोय, सासूबाई 'हाड' म्हणत्यात, मामंजी 'ये गं माझी बाय' म्हणून मांडीवर घेत्यात. तिनं कुणाचं ऐकायचं? पिल्लू आणायच्या आधी आठ दिवस ह्या माणसांचा क्लास घ्यायला पायजे हुता."

"खायला काय घालतीस? दूध-भाकरी दे, अंगाला लागती."

"तुम्ही आणि मामंजी एकाच शाळंतले! पहिल्याच सकाळी गंगावेशीतनं म्हशीचं धारोष्ण दूध आणलं त्यांनी, लपवून वाटीभर पाजलं. दुपारपासनं जी पातळ सुरू झाली, मी फडकी धुऊन धुऊन दमलो. आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना म्हशी-गाईचं पचत न्हाई. दही थोडं चालतंय. आत्ता उकडलेलं चिकन हाड काढून आणि मऊ भात, दिवसाला चार वेळा. जतला खात हुती ते खाणं पण थोडं मिसळतो, एकदम बदललं की पोट बिघडतंय."

"म्हंजे रस्सा न्हाई?"

"तांबडा न्हाई, पांढरा बी न्हाई. कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त कमी होतंय. आणि चॉकलेट, द्राक्षं, बेदाणा तर तोंडालाच लावायचा न्हाई. बेदाण्यानं मूत्रपिंड निकामी होतंय. तासगावच्या पाव्हण्यांनी परवाच दोन किलो पाठवलाय, तो डबा पार माळ्यावर टाकला. शिजवलेलं हाड बी न्हाई, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतंय."

"कोल्हापुरात येऊन रस्सा न्हाई, कर्म तिचं! बरं, सुया?"

"एक झालीय, डिस्टेंपर-पार्वोची एकत्र असती ती. आता तीन-चार आठवड्यांनी परत, असं चार म्हयन्याची होईस्तवर. तीन म्हयन्याला रेबीजची, मग दर वर्षी. जंताचं औषध पंधरा दिवसाला. सगळं होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायची न्हाई. पार्वो लई वंगाळ. रक्ताची हगवण लागती, दोन-तीन दिवसांत पिल्लू जातंय, आणि तो रोग मातीत म्हयनोन्‌म्हयने राहतोय. आपल्या पायताणाला लागून घरात येतोय."

"म्हणून दारातलं चपलांचं रॅक गेटपाशी नेलंय व्हय! मी म्हटलं, वास्तूवाला येऊन गेला काय."

"वास्तूवाला न्हाई, भिंगरी. त्यात आमच्या मालकांची चप्पल राहिली हुती पायरीवर. चप्पल लाइनीतनं घेतलेली कोल्हापुरी, खरी कातड्याची, करकर वाजणारी. आंगठा तेवढा ठेवलाय तिनं. कान, पट्टा, वेणी, सगळं चघळून लगदा."

"अगं बाई! फॅशनवाल्या प्राडा कंपनीनं २०२५ ला इटलीत मिरवली ती चप्पल, आणि हिनं नाश्ता केला? पण तिची चूक न्हाई. २०१९ ला त्या चपलेला जीआय मानांकन मिळालं, त्यात आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे हायत, बागलकोट बी हाय. मुधोळ बागलकोटातच. माहेरची वस्तू वळखली तिनं."

"ही जतची हो, मुधोळची न्हाई."

"मग आजोळची. आता एक जुनं पायताण दे टाकून तिला खेळायला."

"तेच करायचं न्हाई! जुनं कुठलं आणि नवं कुठलं तिला काय कळतंय? एक चप्पल दिली की सगळ्या आपल्याच. सुती दोरखंडाला गाठी मारून दिल्यात. आणि चौथ्या म्हयन्यापासनं दात पडायला लागत्यात, अठ्ठावीस दुधाचे जाऊन बेचाळीस यायचे. तवा ओलं फडकं पीळ घालून फ्रीजरला ठेवायचं आणि द्यायचं, हिरड्या गार पडत्यात. हाताला चावली की खेळ बंद, उठून जायचं. मारायचं न्हाई."

"चावण्यावरनं आठवलं. धाकटीला दात लागला तर?"

"साबण लावून वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि तडक डॉक्टर, न्हाईतर सीपीआर दवाखाना. घरचं पिल्लू हाय म्हणून अंगावर काढायचं न्हाई. हळद-चुना काय भरायचं न्हाई."

"आमच्यात मिरची भरत हुते."

"ऐकूनच आग होती. आणखी एक हाय मावशी, रागावू नका. तुमची कण्हेर आमच्या अंगणात वाकलीय."

"वाकू दे की, देवाला फुलं घेतीस न्हवं रोज?"

"घेतो. पण पान, फूल, खोड, सगळं विषारी असतंय तिचं. पिल्लानं पान चावलं तर काळजावर जातंय. आम्ही घरातल्या वायरी वर बांधल्या, उंदराचं औषध काढून टाकलं, गेटच्या गजांना खाली जाळी मारली. तेवढी एक फांदी राहिलीय."

"मग काल का न्हाई बोललीस? कोयता आणतो आणि तोडतो, त्यात काय. पण काय गं, बरगड्या दिसत्यात तिच्या. लोक म्हणतील उपाशी मारत्यात."

"म्हणालेतच! दूधवाला म्हटला, वैनी, जरा खायला घाला. ह्या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायच्याच, पळायचं अंग हाय ते. लठ्ठ केली की गुडघे जात्यात. तुम्हाला मळ्यातलं ठावं हाय, जरा सांगा गल्लीत."

"सांगतो. आणि ऐक, आमचा तो एवढा वाघ, पण दिवाळीला चुलीमागं जाऊन थरथरायचा. हिचं आत्तापासनं बघ. पुढं गणपती, डॉल्बी लावली की आपल्याच खिडक्या वाजत्यात."

"बघालोयच. मोबाइलवर ढोलाचा, फटाक्याचा आवाज एकदम बारीक लावतो आणि खायला देतो. रोज जरा वाढवायचा. तीन-साडेतीन म्हयन्यांपर्यंत जे बघितलं-ऐकलं त्याची भीती कमी राहती म्हणं. सुया व्हायच्यात म्हणून कडंवर घेऊन गल्लीच्या तोंडाला उभा राहतो. रिक्षा, छत्री, टोपीवाला, दाढीवाला, सगळं दाखवायचं."

"शाहू महाराजांनी ह्या गावात शिकारीचे चित्ते पाळले, आणि आपण डॉल्बीला घाबरायचं! शिकंल ती. लाजरी असती ही जात, पण एकदा माणूस आपलं म्हटलं की सोडत न्हाई. फक्त मोकळी सोडू नको कधी. रस्त्याच्या पलीकडं मांजर दिसलं की मधी एसटी हाय का ट्रक, ती बघणार न्हाई."

"न्हाई सोडत. मावशी…"

"बोल आता. मघाधरनं बघालोय, तुझ्या पोटात काहीतरी हाय. एवढं सगळं मला कुणी शिकवत न्हाई उगंच."

"नणंदेच्या पोरीचा साखरपुडा हाय सांगलीला. दोन दिवस. सगळ्यांना जायला पायजे. सुया पुऱ्या झाल्या न्हाईत, कुठं ठेवायची म्हटलं तरी जीव होत न्हाई. तुमच्या घरी दुसरं जनावर न्हाई, अंगण बंद हाय…"

"तरीच! खुळी हायस काय? ह्या वयात मी रातीला उठून तिला मुतायला नेऊ?"

"तुम्ही तशाही जाग्याच असताय, मावशी."

"तोंड बघ हिचं! जा, तो फ्रिजवरचा कागद आण हिकडं. मोठ्या अक्षरात लिहून आण, चष्मा सापडत न्हाई माझा. गोणपाट आण, दोरखंड आण. आणि सासऱ्यांना सांगलीला न्यायचं म्हंजे न्यायचं. मागं ठेवलास तर दुधाची वाटी घेऊन ह्याच कंपाउंडवरनं उडी मारतील."