पृथ्वीला वेळापत्रक पाठवा

यवतमाळ जिल्ह्यात पोरांना पृथ्वी, अवकाश नि पर्यावरण शिकवण्यात खरी अडचण मास्तरांची नाही, पृथ्वीची आहे. ती शाळेच्या वेळेत हजरच राहत नाही.

5 जूनचंच घ्या. जागतिक पर्यावरण दिन. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर भरतात. विदर्भात ऊन उतरेस्तोवर, म्हणजे महिना संपत आल्यावर. पर्यावरण एवढं तापलेलं की पर्यावरण दिनालाच सुटी. पण पोरांना सुटी असली तरी अहवालाला नसते. सकाळीच ग्रुपवर निरोप येतो: वृक्षारोपणाचे फोटो जिओटॅगसह दुपारपर्यंत पोर्टलवर टाकावेत. मग गुरुजी गावात सापडतील ती चार पोरं गोळा करतात. एक रोपटं, आठ हात, मागे फलक. फलकावरची सगळी नावं नीट दिसेपर्यंत रोपटं मान टाकतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात या जमिनीत काही लावू नये, हे पोरांच्या बापांना पक्कं ठाऊक असतं. चांगला पाऊस झाल्याशिवाय ते सरकी टोबत नाहीत. पण त्यांना पोर्टलचा पासवर्ड कुणी दिलेला नाही.

सूर्यही त्याच माळेतला. यवतमाळच्या डोक्यावर तो वर्षातून दोनदा बरोब्बर येतो. भरदुपारी अंगणात खांब रोवावा नि सावली खांबाच्या पायातच गडप झालेली पोरांना दाखवावी, फुकटात खगोलशास्त्र. पहिली तारीख येते मे महिन्यात, विशीनंतर. तेव्हा पोरं मामाच्या गावाला. दुसरी जुलैच्या विशीत. तेव्हा शाळा भरलेली असते, खांब असतो, गुरुजीही असतात, फक्त सूर्य ढगाआड असतो. यात संगनमत नाही असं कुणी म्हणून दाखवावं.

चांद्रयान-3 उतरलं 23 ऑगस्ट 2023 ला, संध्याकाळी 6 वाजून 4 मिनिटांनी. शाळा सुटलेली. 2024 मध्ये शेजारच्या हिंगोलीत दोनदा 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचे धक्के उमरखेड-महागाव भागालाही बसले. मार्चातला पहाटे सहाच्या सुमारास, जुलैतला सकाळी सव्वासातला. घरातली भांडी वाजली, शाळेची घंटा मात्र वाजायची होती. भूकंप होऊन गेल्यावर पोरं शाळेत आली नि फळ्यावर बघतात तो विषय: मराठी, समानार्थी शब्द.

यवतमाळ शहराने मात्र एकदा प्रामाणिक प्रयत्न केला, ते नमूद केलं पाहिजे. मार्च 2023 मध्ये जमिनीखालची पाण्याची पाइपलाइन फुटली. डांबरी रस्ता आधी पोळीसारखा टम्म फुगला, मग दुभंगला आणि पाण्याचा लोट उसळला. स्कूटरवरून चाललेली एक बाई त्यात सापडली. तो व्हिडिओ देशभर फिरला. भूकवचावरचा दाब, भेग, उद्रेक, गरम पाण्याच्या कारंज्याचं तत्त्व, सगळं काही सेकंदांत. एवढा स्वच्छ प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला असेल? पण या शैक्षणिक कार्याची दखल कुणी घेतली नाही. उलट चौकशीची मागणी झाली.

आता झरी-जामणीकडे चला. शिबला-पार्डीजवळ जमिनीतून दगडी खांब उघडे पडलेत. उभे, सरळ, बाजू बाजूला घासून बसलेले, बरेचसे षटकोनी. सुतारानं रंधा मारावा तशा कडा. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी ते लोकांपुढे आणले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तो निवताना आकसला नि आकसताना असा नेमका तडकला. हाच दगड मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल म्हणून उभा आहे, तर त्याला राष्ट्रीय मान. आमच्याकडे तो झरी तालुक्यात निघाला ही त्याची चूक.

तिथे एखादा सातवीतला पोरगा उभा करा. तो हात फिरवून विचारेल, "सर, हे गोटे कोनं तासले जी?" प्रश्न लाखमोलाचा आहे. युरोपातल्या विद्वानांचं ‘बेसॉल्ट पाण्यात साचला की आगीतून आला’ यावर अठराव्या शतकात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि त्यांनाही हेच खांब छळत होते. पण आपल्या सरांना युनिट टेस्टचा भाग दहा तारखेपर्यंत संपवायचा आहे, शालेय पोषण आहाराचे आकडे भरायचेत आणि बीएलओ म्हणून मतदार यादीही त्यांच्याच बोकांडी आहे. म्हणून उत्तर येतं: "निसर्गानं. चला, रांग करा."

अर्थात रांग तिथवर पोचलीच तर. सहल जाते वॉटरपार्कला. या जिल्ह्यातला खरा सहलवीर एकच, टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला, तेलंगणात डोकावला, कापसाच्या शेतांतून नि नाल्यांतून वाट काढत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला; हजार किलोमीटर केव्हाच मागे पडले होते. ना पालकांचं संमतीपत्र, ना एसटीचं बुकिंग. जंगलांना जोडणारे पट्टे म्हणजे काय, हे त्याने चालून शिकवलं. आपल्या पोरांना ते रिकाम्या जागा भरून शिकायचं आहे.

राहता राहिला पाण्याचा धडा. नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ विषय आहे. त्याला गुण नाहीत, श्रेणी असते. म्हणजे पाणी महत्त्वाचं, पण टक्केवारीपुरतं नव्हे. पांढरकवडा-झरी पट्ट्यात कित्येक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. खडकातून विरघळून येतं ते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं नि पोरं वर्षानुवर्षं तेच पीत राहिली, की दातांवर पिवळे-तपकिरी डाग धरतात, पुढे हाडंही धरतात. इथे भूविज्ञानाचा नमुना पेटीत ठेवावा लागत नाही, पहिल्या बाकावर बसलेला असतो. पण दूरदर्शनवरच्या टूथपेस्टने सांगितलंय की फ्लोराईडने दात मजबूत होतात. तेव्हा ‘फ्लोराईडचा दातांवर होणारा परिणाम लिहा’ असं विज्ञानाच्या परीक्षेत आलं, तर झरीच्या पोराने तोंड मिटून जाहिरातीतलं उत्तर लिहावं. दोन गुणांचा प्रश्न आहे.