पुढे सगळा उतारच आहे

कोकणात सायकल घेऊन उतरलेल्या माणसाने वाटेत कोणालाही काहीही विचारावं. खाणावळ विचारावी, पंक्चरवाला विचारावा, मुलीसाठी स्थळ विचारावं. फक्त ‘पुढे चढ आहे का हो?’ एवढं विचारू नये. उत्तर ठरलेलं असतं, “छे! आता सगळा उतारच.” आणि ते खोटं नसतं, हीच पंचाईत. उतार असतोच. तो एखाद्या पऱ्ह्यावरच्या साकवापर्यंत नाहीतर थेट खाडीपर्यंत जातो. तिथून रस्ता पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो, वरून समुद्र दाखवतो आणि परत खाली नेऊन सोडतो. नकाशावर मात्र किनाऱ्याच्या कडेकडेने गेलेली एक निरागस रेघ दिसते.

आमच्या टूरमधला गुहागर ते गणपतीपुळे हा टप्पा असाच कागदावर गोजिरवाणा होता. साठेक किलोमीटर, मध्ये तवसाळला फेरीबोट. “आज आरामच समजा,” पोह्यांवर ओलं खोबरं पसरत लीडर म्हणाले. ज्यांनी आधी त्यांच्याबरोबर टूर केली होती, त्यांनी मुकाट्याने आणखी एक प्लेट पोहे घेतले.

पालशेतपर्यंत झोकात गेलो. बाजारपेठ संपली आणि चढ लागला. ग्रुपमध्ये एक रँदोनर, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ले पुरे करणारा सायकलवीर, होता. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत, हे तो नावापाठोपाठ सांगतो. आडनावाची पाळी सहसा येतच नाही. “दहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना दहा मीटर वर,” तो पेडल मारता मारता समजावत होता. गणिताबद्दल आमची तक्रार नव्हती. चढावर त्याला बोलता येतं, ही होती.

याच्या उलट आमचे काका. बँकेतून निवृत्त. त्यांच्या सायकलला गिअर आहेत, पण ते बदलत नाहीत, झिजतात म्हणे. चढ आला की सरळ उतरायचं, सायकल हातात धरायची आणि दिसेल त्याच्याशी गप्पा मारत वर जायचं. आम्ही पुढचं छोटं चक्र, मागचं मोठं चक्र अशी सगळी आयुधं वापरून, मान खाली घालून, जीव मुठीत धरून माथ्यावर पोहोचायचो. पाणी पिऊन होतंय न होतंय तोवर काका हजर. वर खालच्या वाडीत यंदा आंबा कसा आला, याची बित्तंबातमी.

वेळणेश्वरच्या फाट्यावर सावलीला टेकलो, तर एक आजी उभ्या राहिल्या.

“कुठनं आलाव?”

“पुण्याहून, आजी.”

“सायकलीवरनं? आनि ही गाडी कुनाची?”

“आमचीच. बॅकअप.”

“रिकामीच फिरवताव?”

“कोणी दमलं तर बसायला, आजी.”

आजींनी आमच्यातल्या एकेकाकडे नीट पाहिलं.

“मंग बसा की!”

दोघांनी वडिलधाऱ्या माणसाचा मान राखला आणि गाडीत जाऊन बसले.

हेदवीचा दशभुज गणपती उंचावर आहे हे कळताच बहुतेकांनी खालूनच हात जोडले. काका तेवढे वर जाऊन, दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन आले.

फेरीबोटीवर मात्र समता नांदली. जीप, टेम्पो, मोटरसायकली आणि आम्ही, सगळे सारख्याच वेगाने शास्त्री नदीची खाडी ओलांडत होतो. एवढ्यात रँदोनरच्या लक्षात आलं की मनगटावरचं घड्याळ चालूच आहे. बोटीचं अंतर सायकलीच्या खात्यावर पडणं हे त्याच्या दृष्टीने अफरातफरीच्या जवळपासचं. त्याने घाईघाईने घड्याळ थांबवलं. आमच्यातल्या एका ताईंनी त्यांचं मुद्दाम चालू ठेवलं. आज त्यांच्या नोंदीत खाडीच्या पाण्यावरून गेलेली एक सुबक रेघ आहे, आणि तेवढ्या भागात चढ शून्य.

जयगडला उतरल्यावर काय लागलं, ते वेगळं सांगायला नको. लीडर म्हणाले, “हा शेवटचा.” तोच शब्द त्यांनी पुढे दोनदा वापरला.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक. १८६६ साली कवी याच गावात जन्मले. साहित्यावर प्रेम असलेले आणि नुसतीच बूड टेकायला जागा हवी असलेले, असे सगळेच आत शिरले. कोणीतरी ‘तुतारी’चा विषय काढला, पण फुंकायला लागतो तेवढा दम कोणात उरला नव्हता.

गणपतीपुळ्याला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गाडीतले दोघे आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून स्वागताला उभे. आम्ही वाळूतच आडवे झालो. मोदक मागवायचे की आधी झोपायचं, यावर चर्चा चालू असताना काका आले. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि चपला काढल्या.

“चला, प्रदक्षिणा घालून येऊ. इथे अख्खा डोंगरच देव मानतात, त्यामुळे डोंगराला वळसा. असेल किलोमीटरभर.”

कोणी हललं नाही. मग लीडरनीच, लीडरनी, पडल्या पडल्या विचारलं, “काका, चढ आहे का हो?”

“थोडासा. मग सगळा उतारच.”

“थांबा, थांबा,” म्हणत रँदोनर उठला आणि त्याने घड्याळ पुन्हा चालू केलं.