हेरमालिका बघता बघता घरच्या गाड्या कशा आठवाव्यात

हेरमालिका एकट्याने, अंधारात, कानाला हेडफोन लावून बघायची असते, असा पुण्या-मुंबईकडे समज आहे. रत्नागिरीत तो चालत नाही. इथे ती किमान तीन पिढ्यांनी, ट्यूबलाइट चालू ठेवून, मधे फणसाच्या तळलेल्या गऱ्यांचा डबा ठेवून बघावी. आणि पडद्यावर पहिली गाडी दिसली रे दिसली की टीव्हीचा आवाज बारीक करावा. पुढचं सगळं आपल्यालाच बोलायचं असतं.

प्रथम पात्रतेविषयी. रत्नागिरीकराला हेरगिरीचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला, १९१० मध्ये टेकडीवर राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. एवढी वर्षं सरकार त्याच्यावर नजर ठेवून होतं. आणि अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ कादंबरीतला थिबा स्वतः दुर्बीण लावून समुद्रातल्या गलबतांवर नजर ठेवून असतो. पुढे १९२४ ते १९३७ सावरकर स्थानबद्ध. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर परवानगी. सरकारी पाळत इतकी जवळून बघितल्यावर गावाने एकच निष्कर्ष काढला, की हे काम बिनपगारी माणूस जास्त मन लावून करतो. म्हणून आज साळवी स्टॉपला एमएच १२ ची गाडी वळली, की ती मारुती मंदिराला पोचायच्या आत कोणाचा जावई आला, एकटा आला की बायकोला घेऊन आला आणि गाडी हप्त्याची आहे की रोखीची, हे ठरलेलं असतं. एमएच ०४ असेल तर ठाण्याचे चाकरमानी. त्यांना एवढा वेळ देत नाहीत.

आता सामग्री. रिमोट घरातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईच्या हातात द्यावा, कारण मालिका थांबवण्याचा अधिकार शहाण्या माणसाकडे असलेला बरा. अल्बम जवळ ठेवावा. डोंबिवलीच्या आत्येला आधी फोन करून ती जागी आहे याची खात्री करावी. तिच्याशिवाय तारखा लागत नाहीत.

मालिका कोणतीही चालते, पण नवशिक्याने दूरदर्शनपासून सुरुवात करू नये. १९८५ चा ‘करमचंद’ आठवला की ज्येष्ठ मंडळी पंकज कपूरच्या गाजरात अडकतात आणि गाड्यांपर्यंत पोचत नाहीत. १९९३ च्या ‘व्योमकेश बक्षी’त काळच इतका जुना आहे, की आपल्याकडे तेव्हा बैलगाडी होती एवढ्यावर विषय संपतो. ‘सीआयडी’ चालेल, मात्र दया दार फोडायला लागला की आमच्याकडे मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात जाम झालेलं डाव्या बाजूचं मागचं दार निघतं, आणि ते उघडायला दयासारखा माणूस कसा हवा होता, यात भाग संपतो. ज्यांची हेरगिरी टीव्हीच्याही आधीची, म्हणजे वाचनालयातून आणलेला बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, त्यांना मागे आरामखुर्ची द्यावी. ते मधूनमधून “हे आम्ही आधीच वाचलंय” म्हणतील. म्हणू द्यावं.

मध्यम तयारीच्या प्रेक्षकाने २०२० ची ‘स्पेशल ऑप्स’ घ्यावी. इतर देशांतले हेर विमानातून उड्या मारतात. इथे के के मेनन यांचा हिम्मतसिंग समितीपुढे बसून खर्चाचा हिशेब देतो. पैसे कुठे गेले, पावती कुठाय, हे कोणाला दिले? ही मालिका कोकणात लोकप्रिय व्हायला याहून वेगळं कारण लागत नाही. आमच्या अण्णांची पेट्रोलची डायरी याच वळणाची होती: तारीख, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात ‘कोणासाठी’. त्या रकान्यात ‘भाऊ, सिनेमा’ असं तांबड्या शाईत लिहिलेलं आहे. भाऊकाका आता सत्तरीचे आहेत. ही नोंद निघाली की अजूनही पाणी प्यायला आत जातात.

‘द फॅमिली मॅन’ बघताना एक धोका सांगून ठेवतो. मनोज बाजपेयींचा श्रीकांत आपण हेर आहोत हे बायकोपोरांपासून लपवतो. घरातल्या बायका यावर विश्वास ठेवत नाहीत. “नवरा काय करतो ते बायकोला कळत नाही होय?” असं एकदा कोणी म्हटलं, की कथानक तिथेच कोसळतं. लगेच श्रीकांतच्या साथीदाराकडे, जे. के. तळपदेकडे, लक्ष वेधावं. आपला माणूस आहे, भूक लागली की तसं सांगतो.

पण या विद्येतला खरा पदवी अभ्यासक्रम म्हणजे ‘द अमेरिकन्स’. २०१३ ते २०१८, सहा सीझन, काळ रेगनचा. वॉशिंग्टनजवळ साध्या गृहस्थांसारखं राहणारं जोडपं रशियाचे हेर. समोर राहायला येतो तो नेमका एफबीआयवाला. पहिल्याच भागात त्यांच्या गाडीच्या डिकीत एक माणूस बांधून ठेवलेला असतो. शेजाऱ्याला वास लागतो. तो रात्री गुपचूप गॅरेजमध्ये शिरतो, डिकी उघडतो, तर रिकामी! या दृश्याला आमच्याकडे टाळ्या पडल्या. मार्च संपताना हापूसची पहिली पेटी डिकीतून घरात कशी न्यावी, ही अडचण काय वेगळी असते? शेजारी “गाडी धुताय वाटतं?” म्हणत येतो, डिकीला टेकून उभा राहतो आणि नाकाने श्वास घेतो. कसलेला कोकणी माणूस अशा वेळी डिकीत वर सुकटीची पिशवी ठेवतो. केजीबीला हे सुचलं नाही.

तर १९८१ साल पडद्यावर आलं की विचारायचा प्रश्न एकच: “तेव्हा आपल्याकडे कुठली गाडी होती?”

“फियाट,” बाबा म्हणाले.

“पद्मिनी,” काका म्हणाले.

इथे नवशिके भांडण सोडवायला जातात. जाऊ नये. दोघांचं बरोबर असतं. वालचंद शेटजींच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला फियाटचीच गाडी बांधली, तिला १९७४ पासून पद्मिनी म्हटलं आणि लोक शेवटपर्यंत फियाट म्हणत राहिले. खरा वाद सालाचा. काका म्हणतात ७७, बाबा म्हणतात ७९. आजीने रिमोट दाबला. पडद्यावर त्या हेर जोडप्यातला नवरा, फिलिप, खोटा विग लावता लावता थांबला.

पुरावा म्हणून अल्बममधला आत्येच्या लग्नातला फोटो निघाला. गाडी दाराशी, बोनेटवर झेंडूची भरघोस माळ, आणि पुढच्या सीटवर तिघं जण, कारण गिअर स्टिअरिंगपाशी आणि सीट बाकड्यासारखी सलग. डावीकडच्या मडगार्डवर मात्र माळ जरा जास्तच खाली सोडलेली. आजी फोटो डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, “इथे पोचा होता.”

“फणस पडला होता,” काका घाईने म्हणाले. घरात इतकी वर्षं हेच चालत आलं होतं.

डोंबिवलीला फोन लागला. स्पीकरवर आत्ये म्हणाली, “माझं लग्न मार्गशीर्षातलं. मार्गशीर्षात कुठला रे फणस, भाऊ?”

मंडळी गप्प झाली. फणस पडायचा तो वैशाख-ज्येष्ठात. म्हणजे लग्नाच्या आधी गाडी कोणीतरी कुठेतरी घासली होती आणि ती माळ शोभेची नव्हती. “माळ कोणी बांधली होती?” आजीने विचारलं. काका पाणी प्यायला आत गेले. जॉन ल कारेने एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या, पण झेंडूकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

बाकीच्या गाड्या भराभर उरकाव्यात. मारुती ८०० ची पहिली चावी इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला दिली. आपली गाडी त्याच पहिल्या खेपेतली होती, असं प्रत्येक घर सांगतं, त्याला हरकत घेऊ नये. ओम्नी हिंदी सिनेमात माणसं पळवते. आमच्याकडे तिच्या सरकत्या दारातून गणपती आत घेत, म्हणून पडद्यावर अपहरण चालू असताना आजीचा हात नकळत कपाळाकडे जातो. सुमो आली की नवीन पिढीला विचारावं, नाव कशावरून? पोरं जपानी पैलवान सांगतात. टाटांचे सुमंत मुळगावकर, त्यांच्या नाव-आडनावातून ‘सुमो’, हे ऐकवून विषय बंद करावा. सध्याच्या पांढऱ्या गाडीबद्दल काहीही बोलू नये; तिच्यावरून अजून कोणी कोणाशी अबोला धरलेला नाही.

जून-जुलैत एक सोय फुकट मिळते. हेर छतावरून उडी मारायच्या बेतात असतो आणि लाइट जाते. अशा वेळी मोबाइलवर पुढचा भाग लावणं हा असभ्यपणा आहे. मेणबत्ती लावावी आणि शिल्लक प्रकरण काढावं. आमच्याकडे भाट्याच्या किनाऱ्यावर हँडब्रेक न लावता कोण उतरलं, हे अजून उघडं आहे. संशयित तीन, त्यांतला एक नात्याने जावई, त्यामुळे चौकशी जपून चालते.

शेवटी वाचकांना एक विनंती. गाडी विकताना आरसी बुकाची झेरॉक्स काढून ठेवत चला, आणि मागून नंबर दिसेल असा एक तरी फोटो घ्या. आमच्याकडे दोन्ही नाही. पद्मिनी ७७ ची की ७९ ची, हे सांगू शकेल असा कागद नातलगांपैकी कोणाकडे असेल, तर त्यांनी रविवारी रात्री नऊच्या आत कळवावं. फिलिप अजून अर्ध्या विगमध्ये थांबलेला आहे.