गहाळ पानाशी कसे वागावे : वाचनालयाच्या सभासदांसाठी

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातलं पान गहाळ असल्याचं पुस्तक घेताना कधीच कळत नाही. ते कळतं रात्री पावणेबाराला, ‘आता दिवा घालवा’ अशी घरातली दुसरी ताकीद येऊन गेल्यावर. माझ्या पुस्तकात १७८व्या पानाच्या तळाशी इन्स्पेक्टर उठून उभे राहिले, दिवाणखान्यातल्या सगळ्यांवरून त्यांनी नजर फिरवली आणि म्हणाले, “खुनी दुसरा-तिसरा कोणी नसून”. मी नजर उजवीकडच्या पानावर नेली. पुढे १८१. “चहा निवला होता. माईंनी तो पुन्हा गरम करून आणला.”

अशा वेळी नवखा सभासद पानाचा कोपरा अंगठ्याने चोळत बसतो. दोन पानं एकमेकांना चिकटली असतील, अशी भाबडी आशा. तीन वेळा चोळायला हरकत नाही. चौथ्यांदा १८१वं पानही हातात येतं आणि तिथून पुढे आपण वाचक न राहता आरोपी होतो.

चोळून झालं की पंचनाम्याला बसावं. पान एकटं जात नाही, हे आधी लक्षात घ्या. विषम आकडा उजव्या हाताला, सम त्याच्या पाठीवर. १७९ गेलं म्हणजे १८० गेलंच. ‘फक्त १८० नाही हो’ अशी तक्रार घेऊन काउंटरवर गेलात तर तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. मग गेलेली पानं मोजा. दोन असतील तर काम माणसाचं, सलग सोळा असतील तर बाइंडरचं. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात. एकाच मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं, घडी घातली की झाला फर्मा. फर्मे जुळवताना एखादा सुटला की १७६ नंतर थेट १९३ येतं. कधी त्याच्या जागी आधीचाच फर्मा पुन्हा पडतो आणि नायिका त्याच गाडीने त्याच डब्यातून दोनदा पुण्याला जाते. अशी प्रत दुकानदार बदलून देतो. आपल्या वाचनालयाने ती पंधरा वर्षांपूर्वी घेतलेली असते, एवढीच अडचण.

माझ्या पुस्तकाची बांधणी दोऱ्याची होती. अशा बांधणीत पान ओढून काढलं की कापून, हे घरबसल्या सांगता येतं. १७७ ते १९२ हा बारावा फर्मा. त्यातल्या १७९-१८०च्या कागदाचं दुसरं टोक म्हणजे १८९-१९०. ब्लेडने कापलं असतं तर शिवणीपाशी बोटभर पट्टी उरली असती आणि जोडीदार जागच्या जागी राहिला असता. मी १८९ हलवून पाहिलं. दुधाच्या दातासारखं हललं. म्हणजे ओढलं होतं.

ब्लेडवाल्यांची जातच वेगळी. ते ठरवून येतात. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात कोणते प्रश्न महत्त्वाचे, हे विचारायला शिकवणी लावावी लागत नाही. कोणती पानं नाहीत ते पाहावं. दिवाळी अंकातलं राशिभविष्य नोव्हेंबर संपेपर्यंत टिकलं तर त्या गावात आस्तिक उरले नाहीत असं समजावं. एका अंकातून मी फक्त वृश्चिक कापून नेलेली पाहिली आहे. माणूस प्रामाणिक, स्वतःपुरतंच नेलं. पण मागच्या बाजूला धनू होती. त्या वर्षी आमच्या वाचनालयातल्या एकाही धनूवाल्याला जूननंतर काय होणार ते कळलं नाही. पाककृतींचं तर बोलूच नये. ‘रुचिरा’ १९७० साली आली तेव्हापासून तिची वाटी-चमच्याची मापं घरोघरी गेली. काही घरी पानासकट गेली असणार.

रहस्यकथेचं पान नेऊन मात्र कोणाला काय मिळतं? त्याची भाजी होत नाही, नोकरीही लागत नाही. माझा संशय एकाच घरातल्या दोन वाचकांवर आहे. एकाने रात्री संपवली, दुसरी दुपारी वाचणार होती, मध्ये काहीतरी बोलाबोली झाली आणि पान उशीखाली गेलं. उशी धुतली गेली असावी.

आता शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी उघडा. माझ्या आधी अकरा तारखा होत्या. अकरा सभासदांनी इन्स्पेक्टरांना अर्ध्या वाक्यात उभं ठेवून पुस्तक परत केलं आणि कोणी ब्र काढला नाही. कारण वाचनालयात पान फाटलं कधी याला महत्त्व नसतं, सांगितलं कोणी याला असतं. जो सांगेल त्याची अनामत अडकली. पण मराठी माणूस गप्प बसला तरी समासात बोलतोच. १८१च्या डोक्यावर पेन्सिलीने होतं : “पान कुठाय?” त्याखाली निळ्या शाईत : “मलाही हवंय.” त्याखाली, ठाम हातात : “खुनी वकील.” आणि सगळ्यात खाली, बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या वळणदार अक्षरात : “वकील पृ. ९० वर वारले. नीट वाचावे.”

ज्यांना राहवतच नाही त्यांच्यासाठी कायदेशीर मार्गही आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांकडे पाठवायची असते : कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली. म्हणजे नियम पाळला गेला असेल तर आपला खुनी चार शहरांत सरकारजमा आहे. सकाळची गाडी, ओळखपत्र, अर्ज, ‘पुस्तक कशासाठी हवे’ या रकान्यात ‘संशोधन’. दोन पानं वाचून रात्रीपर्यंत घरी. मी हिशोब केला. तिकिटाच्या पैशांत नवी प्रत आली असती, पण पुस्तक बाजारात नव्हतं.

उरला सगळ्यात अवघड मार्ग, खरं सांगण्याचा. तो सोमवारी पत्करू नये. रविवारची पुस्तकं परत येऊन काउंटरवर ढीग असतो. बुधवारी दुपारी जावं. बोलणं पाठ करून जावं आणि त्यात ‘मी नाही’ हे शब्द पहिल्या वाक्यात येऊ देऊ नयेत. मी गेलो, पुस्तक पुढे ठेवलं, घसा साफ केला.

“१७९ ना?” ग्रंथपाल मॅडम मान वर न करता म्हणाल्या. “त्या पुस्तकाचं ते आहेच तसं, काका.”

“मग खुनी कोण?”

“मला काय माहीत? मी वाचलंच नाही. पान नाहीये ना त्यात.”

त्यांनी ‘परत’चा शिक्का मारला, आणि माझा चेहरा पाहून असेल, टेबलाखालून पत्र्याचा एक डबा काढला. पूर्वी बिस्किटांचा असावा. झाडताना, कपाटं हलवताना सापडलेली सुटी पानं त्यात टाकतात म्हणे. “बघा, असलं तर.”

मी बाकावर बसून डबा चाळला. अर्धी कुंडली होती. अळूच्या फदफद्याची कृती होती, तिच्यावर फदफदंही होतं. कुठल्यातरी प्रवासवर्णनातलं एक पान निघालं, त्यात लेखक व्हेनिसला होडीत चढत होता. १७९ नव्हतं. व्हेनिसचं पान मी परत ठेवणार, एवढ्यात त्याच्या समासाकडे लक्ष गेलं. बॉलपेनने लिहिलं होतं : दळण, गवार पाव किलो, गॅसवाल्याला फोन. अक्षर माझं.

पान मी डब्यात अगदी तळाशी, फदफद्याच्याही खाली सरकवलं आणि झाकण घट्ट लावलं.

“मिळालं?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “प्रवासवर्णनं कुठल्या कपाटात असतात हल्ली?”