उघडून तर बघू!

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळात एक गायक असतो, एक नाटकवाला असतो आणि एक स्क्रूड्रायव्हरवाला असतो. पहिल्या दोघांना गणपती-दिवाळीपुरता भाव. तिसऱ्याला बारा महिने मागणी. आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा हा तिसरा इसम एका बँकेत डेटाबेस सांभाळतो. तिथं काही बिघडलं तर ते उघडून बघता येत नाही, हे त्याचं मोठं दुःख. त्याची भरपाई तो घरी करतो. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं आहे. गाडी जानेवारीच्या बर्फात बाहेर कुडकुडत असते आणि आत मंडळाचा खरखरणारा अँप्लिफायर, कुणाचा तरी मिक्सर आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत आकारवार लावलेले स्क्रू. वस्तू परत जोडल्यावर जे दोन-तीन स्क्रू उरतात, त्यांचा डबा वेगळा. ‘कंपनी मुळातच जास्तीचे घालते,’ असं त्याचं ठाम मत आहे.

हा माणूस कुणाकडे जेवायला गेला की आधी डिशवॉशरला कान लावतो. “हा आवाज कधीपासून येतोय?” असं गंभीरपणे विचारतो. यजमान सांगतात, “अरे, नवीनच आहे.” त्यावर तो म्हणतो, “म्हणूनच. उघडून तर बघू!”

दर शुक्रवारी रात्री आमचा पोकरचा अड्डा असतो. मंडळी हॉस्टेलवर रमी आणि मेंढीकोट खेळून तयार झालेली. पासपोर्टवर अमेरिकेचा शिक्का बसल्यावर टेक्सास होल्डेमला लागलेली. वीस डॉलरच्या वर कुणी उडवत नाही, पण आव लास व्हेगासचा. दुखणं एकच होतं, पिसण्याचं. एकजण पिसायला लागला की निम्मी पानं चिवड्यात पडायची. दुसरा पिसायचा कमी आणि स्वतःच्या मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलायचा जास्त. एके शुक्रवारी स्क्रूड्रायव्हरवाल्यानं जाहीर केलं की, आपला कॅट मुळात पिसलाच जात नाही. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी 1992 साली सिद्ध करून ठेवलंय, की कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत घुसवायची अशी पिसणी निदान सात वेळा करावी लागते. आपण करतो तीनदा, तीही रडतखडत. पुढच्या शुक्रवारी सात-सातदा पिसून पाहिलं. मध्यरात्रीपर्यंत मोजून काही डाव झाले आणि एकाचा अंगठा सुजला.

मग त्याला ती जाहिरात दिसली. कॅसिनोतून निवृत्त झालेलं पत्ते पिसायचं यंत्र, ‘चालू स्थितीत नाही, सुट्या भागांसाठी विकणे आहे’. असं वाचल्यावर शहाणी माणसं पुढे सरकतात. याच्या तोंडाला पाणी सुटलं.

यंत्र आलं ते दोघांनी धरून आणावं लागलं. कॅसिनोत हे यंत्र टेबलात पुरलेलं असतं, फक्त डोकं वर. त्यामुळे त्यानं पहिल्यांदा पाना-पकड काढली नाही, मेजरिंग टेप काढली आणि डायनिंग टेबलावर पेन्सिलीनं चौकोन आखला. वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. चौकोन पुसला गेला. पुढं प्लायवूडचं वेगळं टेबल झालं. यंत्राच्या किमतीपेक्षा त्याचा खर्च जास्त आला, हे त्यांना अजून माहीत नाही.

झाकण निघालं आणि तो आठवडाभर कुणाला भेटला नाही. मी डोकावलो तेव्हा कपाळावर दिवा लावून, कानात घालायची कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून, तो रबरी रोलर पुसत होता. पानं खालून एकेक ओढायचं काम या रोलरचं. वर्षानुवर्षं पानं सरकवून रबर गुळगुळीत झालेलं, त्यामुळे कधी पान निसटायचं, कधी दोन जोडीनं यायची. आतल्या डोळ्यावर, म्हणजे पान गेलं की नाही हे प्रकाशाच्या आडकाठीवरून ओळखणाऱ्या सेन्सरवर, पत्त्यांच्या भुकटीचा राखाडी थर. पट्टा सैल. मधोमध एक छोटी लिफ्ट. पिसलेली पानं तिच्यावर बसून वर जातात, कुठल्या उंचीवर थांबायचं ते यंत्र आकड्यांच्या सोडतीनं ठरवतं, दोन चिमटे वरची पानं धरून ठेवतात, लिफ्ट जराशी खाली येते आणि पडलेल्या फटीत नवं पान जातं. लिफ्टच्या तळाशी चौकटची दुर्री सापडली. ती त्यानं फ्रेम करायला टाकली.

पुसता पुसता तो मला कथा ऐकवत होता. मिनेसोटातला जॉन ब्रीडिंग हा ट्रक चालवणारा माणूस. त्यानं 1983 साली पत्ते पिसणाऱ्या यंत्रांची कंपनी काढली. यंत्र कॅसिनोत उभं राहायला 1992 उजाडलं. “बघ, नऊ वर्षं!” तो डोळे मिचकावून म्हणाला. वहिनींनी आतून विचारलं, “तुम्हाला किती लागतील?”

उद्घाटनाला यंत्रानं पहिल्याच कॅटला लाल दिवा दाखवला. एकेक पान मोजलं, एक्कावन्न भरली. तेव्हा उघड झालं की इस्पिक सत्ती कधीच हरवली होती आणि जोकरवर बॉलपेननं ‘इस्पिक सत्ती’ लिहून आम्ही काम भागवत होतो. तो जोकर त्या दिवशी डब्यातच राहिला होता. तो घातल्यावर दिवा हिरवा. यंत्र जुनं, त्याला कॅमेरा नाही. मोजता येतं, वाचता येत नाही. पण दुसऱ्या डावाला ते पुन्हा अडलं. दोष चकलीचा निघाला. तेलकट बोटांची पानं एकमेकांना सोडेनात. तेव्हापासून कागदी कॅट बाद, शंभर टक्के प्लास्टिकचे पत्ते आले आणि टेबलावर फराळबंदी झाली. निम्मी मंडळी फराळासाठीच येत होती, हे त्यानंतर कळलं.

यंत्र नीट चालू लागलं, तसा संशयही चालू झाला. 2023 साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की कॅसिनोतल्या कॅमेरावाल्या नव्या यंत्राच्या यूएसबी खाचेत छोटं उपकरण खोचलं तर पानांचा क्रम बाहेर कळवता येतो. 2025च्या ऑक्टोबरात तर अशाच फेरफार केलेल्या यंत्रांवर पोकरमध्ये लोकांना लुबाडल्याच्या आरोपाखाली अमेरिकेत धरपकड झाली. शुक्रवारी सगळ्यांनी पेपर वाचलेला होता. कुणी काही म्हणालं नाही, फक्त “आत नक्की काय काय बदललंस रे?” असं चौघांनी वेगवेगळ्या सुरांत विचारलं.

त्याला खोटं बोलता येत नाही, ही त्याची मुख्य अडचण. त्यानं उलट जास्तीची माहिती पुरवली. डायकोनिस आणि सहकाऱ्यांनी दहा कप्प्यांचं एक कॅसिनो-यंत्र तपासलं, तेव्हा हुशार माणसाला पुढचं पान सरासरी साडेनऊ वेळा बरोबर ओळखता येतं असं निघालं. नीट पिसलेल्या कॅटमध्ये हा आकडा साडेचार असतो. “अर्थात, आपलं यंत्र त्या प्रकारचं नाही,” तो म्हणाला. तोवर उशीर झाला होता. त्या रात्रीपासून यंत्रातून निघालेला कॅट कुणीतरी कापतो, मग दुसरा एकजण ‘मनाच्या शांतीसाठी’ हातानं एकदा पिसतो, आणि ॲडमिशनच्या गप्पा पूर्ववत सुरू आहेत.

अखेर त्याला निर्दोष ठरवलं ते त्याच्याच खेळानं. तो पोकर इतका वाईट खेळतो, की यंत्र त्याला सामील असणं शक्यच नाही. दुर्री-सत्ती हातात घेऊन तो ऑल-इन जातो, कारण त्याचं लक्ष पानांकडे नसतंच. लिफ्टची घरघर कालच्यापेक्षा किंचित वेगळी आहे का, हे तो ऐकत असतो. समोरचा त्याचे वीस डॉलर ओढून घेतो आणि हा समाधानानं म्हणतो, “बघितलंस? एकदाही अडकलं नाही!”

पण गेले काही दिवस तो उदास आहे. यंत्र बिघडतच नाही. उद्या पट्टा तुटला तर हाताशी असावा म्हणून त्यानं तसलंच दुसरं मेलेलं यंत्र घेतलं, निव्वळ सुट्या भागांसाठी. उघडून बघितलं तर फक्त फ्यूज गेलेला. तो बदलताच यंत्र पहिल्यापेक्षा चांगलं चालायला लागलं. आता चालत्या यंत्राचे भाग काढायला त्याचं मन धजत नाही. त्यामुळे हल्ली तो तिसऱ्याच्या शोधात आहे. विकणाऱ्यांना तो स्वतः फोन करतो आणि एवढंच विचारतो, “बिघाड खरा आहे ना? खात्री आहे ना तुमची?”