पडघे उपकेंद्रास दोषमुक्तीचे पत्र

प्रति,
मा. पडघे ४०० के. व्ही. उपकेंद्र,
मु. पो. पडघा, ता. भिवंडी, जि. ठाणे.

विषय : माझ्या छातीतील धडधडीच्या आरोपातून आपणांस मुक्त करण्याबाबत.
संदर्भ : ओटीवरील चर्चा, रोज संध्याकाळी.

महोदय,

आपल्या आवारात गुणगुण फार, त्यामुळे आपल्या कानावर आलं नसेल; पण गेले काही महिने पडघ्यात आपल्यावर खटला चालू आहे. मला हार्ट ब्लॉक झाला, डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकर बसला आणि टाके सुकतात न सुकतात तोच छातीत नाना प्रकार सुरू झाले. मध्येच ठोका गडप होतो आणि मागाहून धाडकन येतो. कधी पोटात फडफडतं. कधी गळ्यापाशी आतून ठोके बसतात. एवढी लक्षणं, आणि गावात एवढं मोठं वीज उपकेंद्र! आरोपी शोधायला लांब कोण जाईल? शेजारचे काका म्हणाले, "तुमच्या डबीला ते खेचतंय." आमचा रिक्षावाला टॉवरच्या तारा आल्या की न सांगता वेग वाढवू लागला. मेहुण्याने तर वासिंदला माझ्यासाठी जागा बघून ठेवली.

आपला लौकिक मी जाणून आहे. चंद्रपूरहून साडेसातशे किलोमीटर प्रवास करून ५०० किलोव्होल्टची डीसी वीज १९९९पासून आपल्या दारी येते. १५०० मेगावॅट वाहण्याची त्या वाहिनीची ऐपत. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी कळवा-पडघा वाहिनी बंद पडली, त्या गोंधळात मुंबईच्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. माझी डबी एका ठोक्यासाठी देते अडीच-तीन व्होल्टचा टिचका, तोही अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ. आपण एवढे थोर असून माझ्या डबीत लक्ष घालत असाल असं गावाला वाटतं, हा गावाने माझा केलेला सन्मानच. डॉक्टरांचं म्हणणं इतकंच, की आपल्या कुंपणाच्या आत शिरायचं नाही, रस्त्याने तारांखालून जायला हरकत नाही, आणि मोबाइल डाव्या खिशात न ठेवता डबीपासून वीतभर लांब ठेवायचा. आपल्याला भिणारे काका मात्र तोच मोबाइल माझ्या छातीला लावून ठोके मोजायला निघाले होते. त्यात म्हणे तसं ॲप आहे.

खरे आरोपी निघाले वेगळेच. तपास केला हॉस्पिटलातल्या टेक्निशियन मुलीने. पेसमेकरची नोंदवही वाचणारं प्रोग्रामर नावाचं यंत्र तिच्याकडे असतं; डबीवर एक चकती ठेवली की आतला सगळा हिशेब पडद्यावर.

पहिला आरोपी खुद्द हृदय. पेसमेकर भरपाईच्या कामावर असतो: ठरल्या वेळेत ठोका आला नाही तर तो देतो. हृदयाने मनाला येईल तसा वेळेआधीच जादा ठोका मारला, तर तो नुसता बघत बसतो. असा ठोका अर्धवट भरलेल्या कप्प्यातून निघतो, म्हणून जाणवत नाही. त्यानंतर थोडी उसंत मिळते, कप्प्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणक्यात बसतो. माणसाला वाटतं, ठोका चुकला. तो आधीच येऊन गेलेला असतो. धडधाकट माणसांनाही असे ठोके पडतात. जागरण आणि काळजीने ते वाढतात, आणि काळजीचा पुरवठा आमच्याकडे अखंड आहे, भारनियमन नाही.

याच ठोक्यांनी एकदा घर उठवलं. मध्यरात्री बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर नाडी ३८! साठच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं बजावून बसवलेल्या यंत्राच्या मालकाला ३८ दिसल्यावर काय होतं ते विचारू नका. धावतपळत ईसीजी काढला, ठोके व्यवस्थित. जादा ठोका एवढा दुबळा असतो की तो बोटापर्यंत पोचतच नाही, आणि जो पोचला नाही तो ऑक्सिमीटरच्या लेखी पडलाच नाही. रक्तदाबाची घरगुती यंत्रंही हाच घोळ घालतात.

दुसरा आरोपी रस्ता. कोणत्या खात्याचा, हे मी लिहीत नाही. आधीच एका निरपराधाला पुरेसा त्रास झाला आहे. डबीत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. माणूस चालू लागला की ठोके वाढवावेत, एवढाच त्याचा हेतू. कल्याणला तपासणीला जाताना मी रिक्षात नुसता बसलेला असतो, पण खड्ड्यांचे हादरे बसले की डबीला वाटतं म्हातारा पळतोय. मग छातीत शर्यत सुरू. शेवटी त्या मुलीने सेन्सरचा उत्साह कमी केला. समृद्धी महामार्गाचा आमच्या जवळच्या आमण्यापर्यंतचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला आहे, तेव्हा गुळगुळीत रस्त्याने मला नागपूर गाठता येईल. दुर्दैवाने माझे डॉक्टर कल्याणला बसतात.

पोटातली फडफड म्हणजे डबीपासून हृदयात गेलेल्या तारेतला टिचका श्वासपटलाच्या नसेलाही लागत होता. व्होल्टेज किंचित उतरवलं, तिथल्या तिथे थांबली. गळ्यातले ठोके वरच्या आणि खालच्या कप्प्यांची वेळ जुळली नाही की येतात. तीही जुळवून दिली.

आता माझं गाऱ्हाणं, आपल्याविरुद्ध नव्हे. हे प्रकार होऊ शकतात, हे सांगणारा डिस्चार्ज पेपर मला मिळाला नाही. जड उचलू नका, हात खांद्याच्या वर नेऊ नका, पेसमेकरचं कार्ड जवळ ठेवा, एवढं मिळालं. मग रात्री डाव्या कुशीवर वळलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकून अधिकच ऐकू येतं आणि माणूस पहाटेपर्यंत पहारा देतो. मग वाचनात आलं: १९५८मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर बसवला. तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत ओतून घडवलेला होता आणि काही तासांतच बंद पडला. तरी लार्सन २००१पर्यंत जगले, बसवणारे सेनिंग आणि बनवणारे एल्मक्विस्ट या दोघांच्याही मागे. हे वाचल्या रात्री मी डाव्या कुशीवर झोपलो.

हल्ली मी वही ठेवतो: काय झालं, केव्हा, तेव्हा काय करत होतो. 'कसंतरी होतंय' एवढ्यावर त्या मुलीला काही शोधता येत नव्हतं. 'जेवणानंतर, वाकल्यावर, पोटात फडफड' म्हटल्यावर तिने चुटकीसरशी शोधलं. चक्कर, बेशुद्धी, धाप, न थांबणारी उचकी, डबीवर लाली किंवा सूज, यांच्यासाठी वही नाही, थेट हॉस्पिटल. बाकी वेळी नाडी चाचपायची नाही, असा ठराव केला आहे आणि तो निम्मा पाळला जातो.

सबब, आपण निर्दोष आहात. गावाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करण्याचा अधिकार मला नाही, कारण गावाने आरोप अजून मागे घेतलेला नाही.

आपला नम्र,
दोन वीजजोडण्यांचा एक ग्राहक

ता. क. : इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहा, या डॉक्टरांच्या सूचनेचा मी 'स्वयंपाकघरातून कायमची सुट्टी' असा अर्थ लावला होता. सौभाग्यवतींनी हरकत नोंदवून गॅसची शेगडी माझ्या ताब्यात दिली आहे.