एकत्र गाळ कसा काढावा : संस्था आणि मंडळ यांच्यासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका दोघांसाठी आहे. एक, शहरातून गाडी करून येणारी पगारी संस्था. दुसरे, गावातले तरुण मंडळ, जे गणपतीत मांडव घालते, उन्हाळ्यात श्रमदान करते आणि पगार म्हणजे काय ते ऐकून असते. सरावासाठी पाझर तलावातला गाळ घेतला आहे. तो काढला की फोटो चांगला येतो, आणि पाणीही मुरते.

साहित्य : गाळाने भरलेला तलाव १, पोकलेन १, डिझेल, ट्रॅक्टर, बॅनर, मंडळाची शंभर पानी वही. पाऊस कुणाच्याच आराखड्यात नसतो, पण कामाची शेवटची तारीख तोच ठरवतो.

कृती

१. ओळख करून घ्यावी. संस्थेने पहिली बैठक दुपारी दोनला ठेवावी. त्या वेळी मंडळाची पोरे रानात असतात, त्यामुळे सरपंच, ग्रामसेवक आणि चहावाला एवढेच येतात. अहवालात ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे लिहावे. खरे बोलणे रात्री नऊनंतर पारावर होते. तिथे हजेरीपट फिरत नाही, म्हणून ती बैठक धरली जात नाही.

२. कागद जमवावेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. पण हे पैसे घ्यायला नोंदणी लागते, करसवलतीचे दाखले लागतात आणि कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. मंडळाला वीस वर्षांचा असला तरी उपयोग नाही, कारण तो वहीत आहे. परदेशी देणगीचे तर नावच काढू नये. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती एका संस्थेने दुसरीला द्यायची सोय उरलेली नाही. म्हणजे ‘पैसे आमचे, खर्च तुम्ही करा’ हे वाक्य तिथे कायद्यानेच बंद. मंडळाने याचा राग संस्थेवर काढू नये, आणि संस्थेने हा नियम आपणच शोधल्यासारखा सांगू नये.

३. तीन कोटेशन मागवावीत. गावाजवळ डिझेलचा पंप एकच असतो. उरलेली दोन कोटेशन कुठून आणायची, हा मंडळाच्या खजिनदाराचा पहिला धडा. दरम्यान पोकलेन बांधावर उभा राहतो आणि मृग जवळ येतो. यावर तोडगा सोपा आहे : डिझेलचे बिल संस्थेने थेट पंपावर भरावे आणि मशीनच्या तासांची नोंद मंडळाने ठेवावी. सोपा असल्यामुळे तो बहुधा शेवटच्या आठवड्यात सुचतो.

४. जाणकार शोधावा. बरेच पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांवर झाले. त्या बांधावर ज्यांनी मातीच्या पाट्या वाहिल्या, ते म्हातारे आजही मूळ तळ कुठे होता ते काठीने दाखवतात. पोकलेनवाल्याला तासाने पैसे मिळतात, त्यामुळे त्याला तळ लवकर दिसत नाही. बांधाच्या पायथ्याशी खणू नको, हेही त्याला म्हातारेच सांगतात. सल्लागार नसल्यामुळे त्यांना मानधन लागत नाही, चहा लागतो.

५. गाळाची वाटणी आधी ठरवावी. इथे थट्टा थोडी बाजूला ठेवू. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत यंत्र संस्थेचे, इंधन सरकारचे आणि वाहतूक शेतकऱ्याची, अशी विभागणी होती. कागदावर ती चोख. पण ट्रॅक्टर ज्याच्या दारात, गाळ त्याच्या शेतात. कोरडवाहू दीड एकरवाला काठावर उभा राहून बघतो. २०२३ मध्ये योजना पुन्हा आणताना अल्पभूधारकांना वाहतुकीसाठी अनुदान ठेवावे लागले, ते काही उगीच नाही. कुणाच्या दारात ट्रॅक्टर नाही, ते संस्थेच्या सर्वेक्षणाआधी मंडळाला ठाऊक असते. मंडळाला विचारावे, एवढेच.

६. चांगले उदाहरण बघावे, म्हणजे निमित्त उरत नाही. पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत पोचली. तिथे आधी गावातली माणसे प्रशिक्षणाला गेली, मग हातात कुदळ आली आणि भारतीय जैन संघटनेची यंत्रे त्यामागून. क्रम उलटला, की गाव यंत्राभोवती उभे राहून व्हिडिओ काढते.

७. समारोप करावा. बॅनरवर संस्थेचे नाव मोठे, कंपनीचे त्याहून मोठे, मंडळाचे ‘सहकार्य’ या शब्दाखाली. प्रकल्प ३१ मार्चला संपतो. गाळ आर्थिक वर्ष पाळत नाही, तो पुढच्या पावसात पुन्हा येतो. तेव्हा गावात संस्था नसते, मंडळ असते. म्हणून या जोडीत मंडळ हा धाकटा भागीदार नव्हे, टिकणारा भागीदार आहे.

तेव्हा मंडळांनो, सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या : गाळ आधी कुणाला, बिले कोण ठेवणार आणि पुढच्या उन्हाळ्यात तलावाकडे कोण बघणार. आणि संस्थांनो, तिसऱ्या उत्तरासाठी अंदाजपत्रकात चार पैसे राखून ठेवा.